‘बॉर्न इन द यूएसए’ : देशभक्तीचं समजून वाजवलं जाणारं गाणं नेमकं कशाबद्दल आहे?

4 जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी रील्स चाळल्या तर फटाके आणि झेंड्यांच्या मागे एक गाणं हमखास ऐकू येतं. जोरदार ड्रम, सिंथेसायझरची एकच धून आणि गळ्याच्या शिरा ताणून ‘माझा जन्म अमेरिकेतला’ असं ओरडणारा ब्रूस स्प्रिंगस्टीन. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, हे तिकडचं देशभक्तीपर गीत.

तर तसं नाहीये.

मुखडा सोडा आणि कडवी ऐका. एका मरत चाललेल्या गावात जन्मलेला मुलगा लहानपणापासून मार खात मोठा होतो. गावात काहीतरी भानगड होते आणि त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला पाठवलं जातं. परत आल्यावर तो रिफायनरीत काम मागायला जातो, तिथून नकार मिळतो. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्यातला माणूसही त्याला काही देऊ शकत नाही. शेवटी दहा वर्षं उलटलेली असतात. एका बाजूला तुरुंग, दुसऱ्या बाजूला रिफायनरीच्या ज्वाळा आणि जायला जागा नाही. आता तोच मुखडा पुन्हा ऐका. ‘मी इथलाच आहे ना? मग माझ्याशी असं का वागलात?’ असा त्याचा सूर आहे.

मधल्या कडव्यात खे सान्ह या ठिकाणाचं नाव येतं. गाण्यातल्या माणसाचा भाऊ तिथे लढलेला असतो. शत्रू अजून तिथेच आहे आणि भाऊ मात्र गेला, एवढंच तो सांगतो. हे उगाच घातलेलं नाव नाही. 1968 मध्ये खे सान्हच्या अमेरिकन तळाला 77 दिवस वेढा पडला होता. शेकडो अमेरिकन सैनिक मेले, व्हिएतनामी त्याहून कितीतरी जास्त. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने तो तळ स्वतःच मोडून सोडून दिला! ज्या जागेसाठी माणसं मेली, ती जागा काही महिन्यांत नकोशी झाली. हे माहीत असेल तर ते कडवं वेगळंच लागतं.

स्प्रिंगस्टीन स्वतः युद्धावर गेला नव्हता. मोटारसायकल अपघातात डोक्याला मार बसल्यामुळे लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला. पण त्याच्या पहिल्या बँडचा ड्रमर बार्ट हेन्स गेला आणि 1967 मध्ये तिथेच मारला गेला. आपल्या जागी कोण गेलं असेल, हा प्रश्न स्प्रिंगस्टीनने पुढे आत्मचरित्रातही विचारलाय.

पुढे व्हिएतनाममध्ये छातीखालचं अंग लुळं पडलेल्या रॉन कोविकचं ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ हे पुस्तक त्याच्या वाचनात आलं, मग दोघांची भेटही झाली. ऑगस्ट 1981 मध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्ये माजी सैनिकांच्या संघटनेला पैसे उभे करून देण्यासाठी शो केला. त्याच सुमारास तो ‘व्हिएतनाम’ नावाचं एक गाणं लिहीत होता. दिग्दर्शक पॉल श्रेडरने पाठवलेली एक पटकथा घरात पडून होती, तिच्यावर नाव होतं ‘बॉर्न इन द यूएसए’. ते नाव या गाण्यात येऊन बसलं.

मग गैरसमज झाला कुठे? चालीत. 1982 च्या सुरुवातीला त्याने हे गाणं न्यू जर्सीतल्या घरी, साध्या टेप मशीनवर, एकट्याने गिटारवर रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकून कुणीही झेंडा फडकवला नसता. त्याच वर्षी बँडसोबत त्याचं आजचं दणदणीत रूप तयार झालं आणि 1984 मध्ये अल्बम आला. मुखडा इतका मोठा झाला की कडवी त्याच्याखाली दबली. (आपल्याकडे वरातीत विरहाची गाणी वाजतात आणि लोक त्यावरही नाचतात, तसंच काहीसं.)

1984 हे निवडणुकीचं वर्ष होतं. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन प्रचारासाठी न्यू जर्सीत आले आणि स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांमध्ये आशेचा संदेश आहे, असं भाषणात म्हणाले. त्यांनी या गाण्याचं नाव घेतलं नव्हतं, पण तेव्हा सगळीकडे हेच वाजत होतं. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या शोमध्ये स्प्रिंगस्टीनने राष्ट्राध्यक्षांनी आपला नेमका कोणता अल्बम ऐकला असेल, असा चिमटा काढला आणि ‘जॉनी 99’ गायला घेतलं. कारखाना बंद पडून बेकार झालेल्या आणि हातून खून घडलेल्या कामगाराचं ते गाणं.

घरी केलेलं ते पहिलं रेकॉर्डिंग 1998 मध्ये ‘ट्रॅक्स’ या संग्रहात आलं. त्यात ड्रम नाहीत, सिंथेसायझर नाही, त्यामुळे शब्द न् शब्द कळतो. शोधून एकदा ऐकाच.