धारेची सुई

आमच्या गावाकडं हायवेला लागून एक पंप-नोझलचं दुकान होतं. ट्रॅक्टर धूर ओकायला लागला की वडील नोझल उतरवून तिथं न्यायचे, आणि सुट्टी असली तर मीही मागं बसून जायची. मिस्त्री नोझल टेस्टरला लावायचा आणि दांडा दाबायचा. घड्याळासारखा काटा चढत चढत दोनशेच्या आसपास जायचा. मग नोझल किर्रर्र असा आवाज करायचं आणि त्याच्या टोकातून डिझेलचं पांढरट धुकं सुटायचं. इतकं बारीक, इतकं मऊ दिसणारं, की हात पुढं करावासा वाटे. एकदा मी बोट पुढं केलं. मिस्त्रीनं माझं मनगट असं झटकलं, की मी रडायच्या बेतात आले. म्हणाला, "हात काढ पोरी! धुकं दिसतंय, पण कातड्यातनं आत जाईल. बोट कापायला लागंल."

तो घाबरवत नव्हता. डिझेल इंजिनावर काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात दाबाखालचं तेल घुसल्याची नोंद एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९३७ साली छापलेली आहे. अशी जखम फसवी असते. टाचणीच्या टोकाएवढं भोक, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांत बोट सुजतं, काळंनिळं पडतं, वेळेवर डॉक्टर गाठला नाही तर जातंसुद्धा. पण त्याच काळात काहीजणांच्या डोक्यात उलटा विचार आला. बारीक धार चामडी न कापता तेल आत नेऊ शकते, तर औषध का नाही? अमेरिकेत मार्शल लॉकहार्ट यांना अशा यंत्राचं पेटंट १९४३ साली मिळालं. कल्पना त्याहून जुनी होती. १८६६ साली पॅरिसच्या वैद्यकीय अकादमीपुढं, पाण्याच्या बारीक धारेनं कातडी भेदणारं एक उपकरण मांडलं गेलं होतं. पण तेव्हा ते फारसं पुढं गेलं नाही.

या यंत्राकडं मी वळले ती आईमुळं. आई दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते. फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी, तिची पेनं आडवी ठेवलेली असतात. चालू असलेलं पेन बाहेर, देवघराच्या फडताळात. नवी सुई बसवायची, दोन युनिट हवेत उडवून बघायची, पोटाची चिमूट धरायची, टोचायचं, बटण दाबायचं आणि सुई तशीच आत ठेवून दहा आकडे मोजायचे. घाईनं सुई काढली तर टोकाशी थेंब येतो आणि तेवढं औषध वाया जातं. बारा वर्षांत तिच्या पोटावर दोन ठिकाणी गाठी झाल्यात. त्या जागी टोचलं तर दुखत नाही, म्हणून हात आपसूक तिथंच जातो. पण औषध तिथून नीट शोषलं जात नाही, साखर वर-खाली होत राहते. डॉक्टर दर वेळी जागा बदलायला सांगतात. ती मान हलवते.

मग इन्सुलिन कातडीवर फवारलं तर? अत्तरासारखं? हा प्रश्न भाबडा वाटला तरी शास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्यं घातली आहेत. अडचण आहे ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थराची. हा थर मेलेल्या पेशींचा. जाडी दहा ते वीस मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी. पण बांधणी पक्की: चपट्या पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. या भिंतीतून पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा जात नाहीत, असा औषधशास्त्रातला ठोकताळा आहे. निकोटिनचा रेणू १६२ डाल्टनचा, म्हणून त्याची पट्टी दंडाला चिकटवता येते. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन, वजन ५,८०० डाल्टनच्या वर. वाढीचं हार्मोन १९१ अमिनो आम्लांचं, २२ हजार डाल्टनचं. ही प्रथिनं कातडीवर नुसती फवारली तर तिथंच वाळून जातील. गिळली तर पोट त्यांना डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतं. म्हणून १९२२च्या जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात एका मुलाला इन्सुलिन पहिल्यांदा दिलं गेलं ते सुईनं, आणि शंभर वर्षं उलटली तरी बहुतेकांसाठी सुईच आहे.

धार ही भिंत कशी ओलांडते, ते यंत्र समोर धरून बघायला हवं. पुढं एक बारीक छिद्र, बऱ्याच यंत्रांत केसाच्या जाडीपासून फार तर त्याच्या तिप्पट. मागं दट्ट्या, आणि दट्ट्यामागं ताणलेली स्प्रिंग किंवा दाबलेला वायू. खटका ओढला की दट्ट्या एकदम पुढं येतो आणि द्रव सेकंदाला शंभर मीटरहून जास्त वेगानं, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या वर, बाहेर पडतो. धारेचं टोक कातडीत स्वतःच भोक पाडतं. भोक खोल होत जातं तसा धारेचा जोर मंदावतो. मग उरलेला द्रव पुढं न जाता चहूबाजूंनी पसरतो, उलट्या छत्रीसारखा. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. "फट्" असा आवाज होतो, रबराचा फटका बसल्यासारखं वाटतं.

त्या छत्रीचा एक मोठा फायदा आहे. सुई औषधाचं एका जागी डबकं करून ठेवते, शरीराला ते कडेकडेनं उचलावं लागतं. धारेनं दिलेलं औषध पसरट असतं, त्यामुळं ते लवकर उचललं जातं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ साली १८ निरोगी माणसांवर हे मोजलं. सुईनं दिलेल्या इन्सुलिनची रक्तातली पातळी कळसाला पोचायला ६४ मिनिटं लागली, धारेनं दिलेल्याची ३१. जेवणाआधी टोचून ताटावर बसणाऱ्या माणसाला ही अर्ध्या तासाची तफावत काय असते, हे मधुमेहींच्या घरात सांगावं लागत नाही.

हे यंत्र जगभर फिरलं मात्र इन्सुलिनसाठी नाही, लशींसाठी. रॉबर्ट हिंगसन या अमेरिकन भूलतज्ज्ञानं १९४७ साली 'हायपोस्प्रे' नावाचं यंत्र रुग्णांवर वापरून बघितलं आणि पुढं सामुदायिक लसीकरणासाठी त्याचा ध्यास घेतला. अमेरिकन सैन्यासाठी काम करणारे अ‍ॅरन इस्माक यांनी 'पेड-ओ-जेट' घडवून दिलं. पायानं पेडल मारायचं, स्प्रिंग आवळली जाते. पिस्तुलासारखं तोंड दंडाला टेकवायचं, चाप ओढायचा. वीज नको, दर माणसामागं नवी सुई नको. तासाला हजार माणसं. देवीच्या लशीसाठी त्यांनी वेगळी तोटी बनवली, म्हणजे धार कातडीच्या आतल्या आतच थांबावी. १९६७च्या जानेवारीपासून पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या वीस देशांत देवी आणि गोवराविरुद्ध जी मोहीम चालली, तिच्यात हीच यंत्रं होती. एक अट मात्र कडक होती: हात हलता कामा नये. हलला तर धार चाकूसारखी चिरत जाते. नंतर बहुतेक ठिकाणी, आपल्याकडंही, देवीसाठी दोन टोकांची साधी सुई पुढं आली. ती स्वस्त होती आणि बिघडायला तिच्यात काही नव्हतं.

आणि मग या यंत्राच्या अंगावर एक डाग आला. तो लपवून त्याचं कौतुक करणं मला पटत नाही. १९८४-८५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात अशा यंत्रानं एचसीजी हे प्रथिन-हार्मोन दिलं जात होतं. वजन घटवायला त्याचा उपयोग होतो असा कसलाही पक्का पुरावा नाही. तिथं जाणाऱ्या ३१ जणांना ब कावीळ झाली. कारण सापडलं ते तोटीत. धार कातडीत शिरताना थोडा द्रव उलट उडतो, आणि त्याबरोबर डोळ्याला न दिसणारं रक्त तोटीच्या टोकाशी येतं. पुढच्या माणसाला तीच तोटी टेकवली की ते रक्त त्याच्या शरीरात. सुई नाही म्हणून धोका नाही, असं मानून ज्या रांगा लागल्या होत्या, त्यांचा पाया असा खचला. १९९७ साली अमेरिकन सैन्यानं सगळ्यांना एकच तोटी लावणारी यंत्रं बंद केली.

त्यानंतरची यंत्रं वेगळी आहेत. औषध आणि तोटी एकाच डिस्पोजेबल नळीत, एका माणसासाठी एकदाच. वाढीचं हार्मोन वर्षानुवर्षं रोज घ्यावं लागणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेत २००० साली असं सुईविना साधन मंजूर झालं. आपल्याकडं २०२१च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेली अहमदाबादच्या झायडसची 'झायकोव्ह-डी' ही कोविडची डीएनए लस अशाच यंत्रानं कातडीत द्यायची होती. पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. नाशिक आणि जळगाव हे जिल्हे त्यासाठी ठरले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२४ साली सुईविना टोचणीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत २० टक्के भागीदारी घेतली. म्हणजे लस बनवणाऱ्यांचं या धारेकडं बारीक लक्ष आहे.

पण जुनं दुखणं तोटी बदलून संपत नाही. एका जोरदार फटक्यात सगळं औषध खोल ढकलायचं, तर धार कुठं मज्जातंतूला लागेल, कुठं रक्तवाहिनीला, सांगता येत नाही. कुणाची कातडी जाड, कुणाची म्हाताऱ्या हातावरच्या पातळ पापुद्र्यासारखी. एकाच दाबानं एकाला निळं पडतं आणि दुसऱ्याच्या दंडावरून निम्मं औषध ओघळून जातं. सुई नाही म्हणजे दुखत नाही, असं जाहिरातीत वाचलं तर विश्वास ठेवू नये.

इथं एक मुंबईत शिकलेला माणूस येतो. समीर मित्रगोत्री माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या आयसीटीतून, केमिकल इंजिनिअर झाले आणि एमआयटीत गेले. १९९५ साली त्यांनी आपल्या मार्गदर्शकांबरोबर 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की कमी कंप्रतेचे अल्ट्रासाउंड ध्वनी मानवी कातडीला लावले तर इन्सुलिनसारखी प्रथिनंही तिच्यातून आरपार जातात. नंतर कॅलिफोर्नियात प्राध्यापक असताना ते धारेकडं वळले. सगळे धार जास्त ताकदवान कशी करावी हे बघत असताना त्यांच्या गटानं ती चिमुकली करायचं ठरवलं. मला या सगळ्या इतिहासातलं हेच वळण सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

२००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेलं यंत्र समजायला स्वयंपाकघरातला गॅस लायटर डोळ्यांपुढं आणावा. लायटरच्या आत एक स्फटिक असतो. त्यावर हातोडी बसली की वीज तयार होते, ठिणगी पडते. या यंत्रात उलट होतं: स्फटिकाला वीज दिली की तो क्षणात ताणला जातो आणि दट्ट्याला धक्का देतो. एका धक्क्यात बाहेर पडणारा द्रव १ ते १५ नॅनोलिटर. एक मिलिलिटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोलिटर. वेग मात्र तोच, सेकंदाला शंभर मीटरच्या वर. एवढा वेग आहे म्हणून भिंत फुटते आणि एवढासाच द्रव आहे म्हणून धार वरच्या थरांतच विरते, जिथं मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या विरळ असतात. मग दुसरा ठोका, तिसरा, चौथा. मोठ्या धारेचं तुषारांत रूपांतर केलं, म्हणा ना. उंदरांना अशा ठोक्यांनी इन्सुलिन दिलं तेव्हा त्यांची साखर उतरली.

मी कागदावर हिशेब मांडला. आईच्या पेनात एका मिलिलिटरला शंभर युनिट. दहा युनिटचा डोस म्हणजे एक लाख नॅनोलिटर. एका ठोक्याला दहा नॅनोलिटर धरले तर दहा हजार ठोके. सेकंदाला एक या गतीनं पावणेतीन तास. भात पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाच्या हे कामाचं नाही. पण दिवसभर थोडं थोडं पाझरत राहावं लागतं त्या इन्सुलिनसाठी, किंवा अगदी कमी मात्रेत काम करणाऱ्या प्रथिनांसाठी, दंडाला बांधलेल्या छोट्या यंत्रानं असे ठोके देत राहावेत, ही कल्पना मला फार पुढची वाटते.

पवईच्या आयआयटीनं वेगळी वाट धरली आहे. तिथले विरेन मेनेझिस एरोस्पेस विभागातले, विमानाभोवती उठणाऱ्या धक्कालहरी हा त्यांचा विषय. त्यांच्या गटाची 'शॉक सिरिंज' बॉलपेनपेक्षा थोडी लांब आहे. एका टोकाला दाबलेला नायट्रोजन, त्यातून धक्कालहर उठते, ती द्रवावर आदळते आणि १२५ मायक्रोमीटरच्या छिद्रातून धार सुटते. तिचा वेग उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाच्या जवळपास दुप्पट. उंदरांवर त्यांनी तीन औषधं तपासली: भुलीचं, बुरशीवरचं एक दाट औषध आणि इन्सुलिन. दाट औषध सुईपेक्षा खोल गेलं. हा शोधनिबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला.

त्याची बातमी मी आईला वाचून दाखवली, रात्रीच्या डोसच्या वेळी. ती चष्मा कपाळावर सरकवून पेनाला सुई बसवत होती.

"उंदरांना मधुमेह होता?"

"केला होता. प्रयोगासाठी."

"बिचारी." तिनं चिमूट धरली, या वेळी गाठीपासून चार बोटं लांब. "मग, उतरली का साखर?"

"उतरली. सुईपेक्षा जास्त वेळ खाली राहिली म्हणतात. आणि कातडीला इजाही कमी."

ती काही बोलली नाही. बटण दाबून तिचे आकडे सुरू झाले होते. मी गप्प राहिले, कारण मध्ये बोललं की ती पुन्हा एकपासून मोजते.