घरच्या घरी टायर बदलताना

पान्हे, दोन-तीन लिव्हर आणि साबणाचं पाणी असलं की मोटारसायकलचा ट्यूबलेस टायर घरीही बदलता येतो. नुसता जोर लावाल तर रिम ओरबाडेल. टायरची एक बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा. समोरची कड लिव्हरवर सहज येते. सगळी मेख इथेच आहे.

नवा टायर चढवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ ठेवा, कारण टायरचा तो भाग सर्वात हलका असतो. बाजूवरचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. (दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.)

बॅलन्सिंगला यंत्रच हवं असं नाही. चाक एक्सलसकट दोन आधारांवर मोकळं ठेवा. जड भाग आपोआप खाली येऊन थांबतो. त्याच्या बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला, रिमवर ५-५ ग्रॅमची चिकटवायची वजनं लावत जा. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं, की काम झालं.

ब्रेकच्या डिस्कला साबण लागू देऊ नका आणि चाक बसवल्यावर ब्रेक चार-पाचदा दाबून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.