शेअराचा भाव आणि नफ्याची पट

आमच्या किन्हीराजासारख्या वऱ्हाडांतील गांवींही हल्लीं तरुण मंडळी मोबाइलवर शेअर विकत घेतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत वडिलोपार्जित शेताचा तुकडा विकून ती रक्कम शेअरांत घालावी असा विचार निघतो, तेव्हां होकार-नकाराचा भार वडीलधाऱ्यांवर येतो. आणि त्यांना भाव दिसतो, पण मोल कसें ठरवावें हें बहुधा ठाऊक नसतें. वाचकहो, हें गणित साध्या भागाकाराहून अवघड नाहीं.

शेत घेतांना आपण काय करितों? खर्च वजा जातां वर्षाकांठीं हातीं किती उरतें तें पाहतों. ३० हजार उरणारें शेत ६ लाखांस घेतलें, तर २० वर्षांचें उत्पन्न आगाऊ दिलें. शेअराचेंही तसेंच. कंपनीच्या वर्षाच्या निव्वळ नफ्यास एकूण शेअरांच्या संख्येनें भागावें. दर शेअरामागें १० रुपये आले आणि भाव २०० असला, तर पट २०. बाजारांत हिला पी-ई म्हणतात.

शेत वाढत नाहीं, धंदा वाढतो. म्हणून नुसत्या पटीवर जाऊं नये. एका कंपनीची पट ६, पण नफा वर्षास शेंकडा २ नेंच वाढतो, भागाकार ३. दुसरीची पट २०, वाढ शेंकडा २०, भागाकार १. स्वस्त दिसणारी पहिलीच महाग ठरली! पीटर लिंच या अमेरिकन गुंतवणूकदारानें १९८९ सालच्या आपल्या पुस्तकांत हा आडाखा लोकप्रिय केला: पट आणि वाढीचा दर सारखे असले म्हणजे भाव रास्त.

मात्र नफा हा झालेला असतो, वाढ हा अंदाज असतो. शेंकडा २० ची वाढ वीस वर्षें टिकली तर नफा ३८ पट व्हावा लागतो. असे धंदे विरळाच. आणि भाजक शून्य असेल तर? अशा राशीस भास्कराचार्यांनीं ‘खहर’ असें नांव दिलें आहे. मुंबईनें हा खहर १८६४-६५ सालीं पाहिला. अमेरिकेंतील यादवीनें तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाचे भाव गगनास भिडले, आणि तो पैसा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत शिरला. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरांत गेला. जिच्यावर नफा व्हावयाचा ती जमीन अजून पाण्याखालीं होती. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि जुलैच्या आरंभीं बाजार कोसळला.

१९९२ सालीं हर्षद मेहता यांनीं नफ्याचा भाजकच बाजूस सारला. अशी कंपनी आज नव्यानें उभारावयास काय लागेल तें पहा, असें त्यांचें म्हणणें. ए.सी.सी. सिमेंटचा शेअर सुमारें २०० वरून ९,००० च्या घरांत चढला. (जुना वाडा आज बांधावयास कोटभर रुपये लागतील, म्हणून भाडेकरू कांहीं भाडें वाढवून देत नाहीं.) एप्रिलअखेर बँकांच्या पैशाचा घोटाळा उघडकीस आला आणि भाव घसरले.

सर्वांत फसवा प्रकार मात्र भाजकच खोटा असण्याचा. ७ जानेवारी २००९ रोजीं सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं पत्रानें कबूल केलें कीं, सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहींत धंद्यांतील नफा ६४९ कोटी दाखविला, तो प्रत्यक्षांत ६१ कोटी होता. सुमारें १८० रुपयांचा शेअर त्याच दिवशीं ४० वर आला. भागाकार करणाऱ्यांचें गणित चुकलें नव्हतें.

म्हणून आमच्या मतें एका वर्षाचा नफा धरूं नये. पांच वर्षांचे आंकडे ओळीनें मांडावे, कर्ज पाहावें, आणि नफ्याबरोबर रोकड खरोखर आली कीं नाहीं हा ताळा घ्यावा. वार्षिक अहवालांत रोख प्रवाहाचें पत्रक असतें. घरांतील जो मुलगा मोबाइलवर भाव दाखवितो, त्यालाच तें पत्रक उघडून मोठ्यानें वाचावयास सांगावें. शेताच्या खरेदीखतावर सही होण्यास तोंवर थांबतां येतें.