परवाना कुणाच्या नावाचा?

सोनईपासून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा उघडली, तीही नेहमीच्या कुलपाविना. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. सोनईच्या वस्त्यांवर मात्र असा भरवसा कुणी ठेवत नाही. घर उसाच्या मधोमध, शेजारचं घर हाकेच्या पलीकडे. शेतीची थ्री-फेज वीज रात्रपाळीत आली की नवरा दारं धरायला जातो आणि घरी बायको, मुलं, म्हातारी सासू. तालुक्यात कुठं दरोडा पडला की चार दिवस कट्ट्यावर विषय निघतो: घरात एखादं पिस्तूल असावं, नवरा-बायको दोघांना चालवता येईल असं. कोणतं घ्यावं?

या प्रश्नातला अवघड शब्द पिस्तूल हा नाही, ‘दोघांना’ हा आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ सांगतं की परवाना नसलेल्या माणसानं बंदूक बाळगायची नाही. परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नाही. सातबाऱ्यावर जशी दोघांची नावं लागतात तशी इथं लागत नाहीत. परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारानं दुसऱ्याला शस्त्र नेता येतं, पण ते दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकालाच वापरायला देण्यासाठी. म्हणजे परवाना नवऱ्याच्या नावाचा, तो मुळा कालव्याच्या पाण्यावर आणि रिव्हॉल्व्हर कपाटात असेल, तर त्या रात्री ते शस्त्र कायद्यानं घरात कुणाचंच नाही. परवान्यावर ‘रिटेनर’ म्हणून दुसऱ्याचं नाव चढवायची सोय आहे खरी, पण ती मंजूर करणं अधिकाऱ्याच्या हाती असतं. तेव्हा सरळ विचार असा: रात्री घरात जो हमखास असतो, त्यानं अर्ज करावा. बहुतेक वस्त्यांवर ती बाई असते. तरीही बाईच्या नावानं अर्ज करायचं सुचत नाही, कारण बंदूक ही पुरुषाच्या मिरवण्याची वस्तू मानली जाते. ज्याला मिरवायचं आहे त्याला हा लेख उपयोगाचा नाही.

अर्ज ‘ए-१’ नमुन्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे अहिल्यानगरला जातो. वय किमान २१ लागतं. सोबत शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. मग जवळच्या पोलीस ठाण्याचा, इथं सोनईचाच, अहवाल मागवला जातो. दाखल गुन्हे, घरातले वाद, दारूची सवय यांची चौकशी तिथं होते. नकार आलाच तर ३० दिवसांत अपील करता येतं.

इथं कायद्यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. कलम १३ मध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. संरक्षणासाठी गुळगुळीत नळीची, किमान २० इंच नळीची बंदूक मागितली, म्हणजे आपली बारा बोअर, तर नाकारण्याचं ठोस कारण नसेल तेव्हा परवाना द्यावा असं कायदा म्हणतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तरी तसंच. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल हवं असेल तर मात्र ‘सबळ कारण’ आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. ‘भीती वाटते’ एवढं पुरत नाही. आलेली धमकी, पूर्वी झालेला दरोडा, त्याची फिर्याद, रोख रकमेचा व्यवसाय असं कागदावर दिसणारं काहीतरी लागतं. नसेल तर बारा बोअरचाच अर्ज करणं शहाणपणाचं. तिची अडचण अशी की ती लांब असते, दहा बाय दहाच्या खोलीत फिरवताना दाराला अडते, आणि तिचा धक्का सडपातळ खांद्याला सोसवत नाही.

छोटं शस्त्र मंजूर झालंच, तर इंग्रजी चित्रपटांतून डोक्यात बसलेलं नऊ एमएमचं पिस्तूल विसरून जावं. लष्करी नऊ एमएमची किंवा .४५ ची काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं, तसंच .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सर्वसामान्यांच्या वाट्याला मुख्यतः बत्तीस बोअर येतं. सरकारी कारखान्यांचा माल यातलाच. २०१४ चं हलकं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर साधारण ५०० ग्रॅमचं. २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीनं आणलेलं ‘प्रबल’ ७०० ग्रॅमचं, त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं. पिस्तुलात ‘अशनी’ आहे. एक खबरदारी: बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर आणि बत्तीस बोअर पिस्तूल यांचं नाव एक असलं तरी काडतुसं वेगळी असतात, एकमेकांत चालत नाहीत. दुकानात ‘बत्तीसची द्या’ एवढ्यावर थांबू नये.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. पिस्तुलात काडतुसं मॅगझिनमध्ये असतात आणि पहिली गोळी नळीत आणण्यासाठी वरचा पोलादी भाग, स्लाइड, मागं ओढून सोडावा लागतो. लहान पिस्तुलात गोळीचा जोर झेलायचं काम बरंचसं स्प्रिंगच करतं, म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवलेली असते. बोटात जोर कमी असलेल्याला, किंवा संधिवातानं सांधे धरलेल्याला, ती स्लाइड पूर्ण मागं येत नाही. अर्धवट ओढली की काडतूस अडकतं. अडकलेलं काडतूस अंधारात, हात थरथरत असताना काढणं सरावाशिवाय जमत नाही. शिवाय मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असा समज जीवघेणा ठरतो, कारण एक गोळी नळीत राहिलेली असू शकते.

रिव्हॉल्व्हरमध्ये हा घोळ नाही. चक्र उघडलं की सहा घरं समोर दिसतात, भरलेली की रिकामी हे एका नजरेत कळतं. गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. महिन्यातून एकदाही हात न लावणाऱ्या घरासाठी म्हणून रिव्हॉल्व्हरच बरं असं माझं मत. त्याची किंमत चापावर मोजावी लागते. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढायचा तर बोटाला चार-पाच किलोचा जोर लावावा लागतो. तो लागला नाही की सगळा हात हलतो आणि नेम चुकतो. घोडा अंगठ्यानं चढवला तर चाप अगदी हलका होतो, पण घाबरलेल्या हातात तो हलकेपणाच धोक्याचा.

‘बायकांसाठी हलकं’ हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा. पर्समध्ये नेण्यासाठी ठीक आहे, घरासाठी उलटा आहे. काडतूस तेच असेल तर शस्त्र जितकं हलकं, तितका त्याचा धक्का मनगटाला जास्त. घरातलं रिव्हॉल्व्हर दिवसभर कंबरेला लावायचं नाही. पाचशे ग्रॅमपेक्षा सातशे ग्रॅमचं हातात स्थिर राहतं.

म्हणून दुकानात जाताना परवाना ज्याचा त्याच्याच हातानं निवड व्हावी. दुकानदाराला शस्त्र रिकामं करून दाखवायला सांगावं, आपणही पाहावं. मूठ धरल्यावर पहिल्या बोटाचं पेर चापावर सहज पोचतं का, की त्यासाठी पकड सोडावी लागते? नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप ओढताना टोक किती हलतं? चक्र उघडायची कळ अंगठ्याला सापडते का? नवऱ्याच्या मोठ्या हाताला लहान मूठ थोडी गैरसोयीची होते, तेवढंच. बाईच्या लहान हाताला मोठी मूठ मात्र निकामीच. नवऱ्यालाही शस्त्राचा हक्क हवा असेल तर त्यानं वेगळा अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

हे सगळं लांबचं वाटून कुणी गावठी कट्ट्याकडे वळत असेल तर त्यानं एवढं लक्षात ठेवावं: विनापरवाना शस्त्र बाळगण्याला किमान दोन वर्षं कैद आहे, आणि कट्ट्याची नळी कधी हातातच फुटेल याची खात्री नाही.

ठेवायचं कुठं? मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागी, आणि काडतुसं वेगळी. गादीखाली, धान्याच्या कोठीत, देव्हाऱ्यामागं नको, कारण पोरांना या जागा आपल्याआधी माहीत असतात. वस्तीवरच्या घराचा आणखी एक प्रश्न म्हणजे पत्रा. गोळी पत्र्यातून आरपार जाते, आणि पलीकडे ओसरीवर कुणी झोपलेलं असतं किंवा गोठ्यात गाय असते. गोळी कोणत्या दिशेला झाडायची नाही, हे दिवसाउजेडी घर फिरून दोघांनी ठरवून ठेवलं पाहिजे.

आणि झाडायची कधी? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी रोखताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, मात्र गरजेपेक्षा जास्त इजा केलेली चालत नाही. चोर उसात पळाला की हा हक्क संपतो. पाठीत लागलेल्या गोळीचं उत्तर देणं फार जड जातं. घरफोडीच्या व्याख्येत कुलूप उघडणं, भिंत फोडणं, वाट नसलेल्या ठिकाणाहून शिरणं, धाक-जबरदस्ती असे प्रकार आहेत. बिनदाराच्या चौकटीतून कुणी नुसता चालत आत आला, तर ते गृह-अतिक्रमण होईल, घरफोडी नव्हे. तिथं जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती होती हे दाखवावं लागेल. शिंगणापूरकरांनी हा फरक वकिलाकडून समजून घ्यावा.

बिबट्यासाठी म्हणून रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यांनी आधी वन विभागाला फोन लावावा. जीव वाचवताना बिबट्या मेला तर वन्यजीव कायद्यात संरक्षण आहे, पण बत्तीस बोअरनं तो मरण्यापेक्षा जखमी होऊन चवताळण्याचीच शक्यता अधिक.

शस्त्र असो वा नसो, ११२ आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेचा टोल-फ्री क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असावा. एका फोनवर नोंदलेल्या सगळ्या गावकऱ्यांचे फोन एकाच वेळी वाजतात, आणि वस्तीकडे वीस बॅटऱ्या येताना दिसल्या की चोर थांबत नाही. शिवाय ही सोय निवडणुकीतही चालू राहते. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं तपासणी समितीच्या निर्णयानुसार पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी, आणि निकालानंतर परत आणायला परवान्यावर नाव असलेल्यानंच जावं.