पाठीच्या जखमा वयाने होत नाहीत

असोद्यात काय नि जळगावात काय, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'वय झालं, आता पाठीला जखमा होणारच.' घरचे म्हणतात, भेटायला आलेले पाहुणेही मान डोलावतात. संताप येतो तो यासाठी, की एकदा हे मान्य केलं की कुणी काही करत नाही.

या जखमा वयाने नव्हे, दाबाने होतात. माकडहाड, खुबा, टाच या जागी हाडावर मांस कमी. एकाच कुशीवर तासन् तास पडलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते, रक्त पोहोचत नाही, आणि आतलं मांस आधी मरतं. वर दिसतो तो फक्त लालसर डाग. तो बोटाने दाबून पाहा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. लालच राहिला तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघावं : ती जागा गरम, टणक किंवा गिळगिळीत लागते.

आणि नेमक्या त्याच जागेवर लोक तेल, स्पिरिट चोळतात! 'रक्त खेळतं' म्हणे. चोळल्याने आतला दुखावलेला भाग आणखी फाटतो. २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशी जागा जोरात चोळू नये, मध्ये भोक असलेली गोल उशी वापरू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. त्या उशीच्या कडेनेच रक्त अडतं.

करायचं ते एवढंच : साध्या गादीवर साधारण दर दोन तासांनी कूस बदला. माणसाला ओढू नका. दोघांनी चादरीसकट उचलून सरकवा. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या. मे महिन्यात आपल्याकडे घामाने पाठ सतत ओली असते, ती कोरडी ठेवा. एअरबेड आणला तरी कूस बदलणं सुटत नाही.

नुसत्या पेजेवर ठेवलं तर जखम भरत नाही. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर ५० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात : डाळ, दूध, अंडी.

असेच आणखी काही समज घरोघरी ऐकू येतात. 'सलाईनने ताकद येते' : अर्ध्या लिटरच्या ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे एका केळ्याएवढी ऊर्जा. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तीही नाही.

'जखम उघडी ठेवून वाळवावी' : ओलसर, झाकलेली जखम लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच दाखवलं.

'लघवीची नळी घातली, आता पाणी कमी द्या' : डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर उलट भरपूर द्या, आणि लघवीची पिशवी कमरेच्या खालीच टांगा.

आडवं ठेवून चमच्याने पाजणं तर आजच थांबवा. घास श्वासनलिकेत जातो. बसवून भरवा, नंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

डाग काळा पडला, वास यायला लागला किंवा ताप भरला, तर घरी मलम शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.