आठवड्याचे दोन तास, तेही सुट्टे

मागच्या भागात सहलींचा विषय निघाला होता. निसर्गात जायचं म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना म्हैसमाळ आठवतं, फार तर महाबळेश्वर. त्याला सुट्टी हवी, गाडी हवी, पेट्रोलला पैसे हवेत. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात तिघा-चौघांत एक खोली घेऊन कारखान्यात पाळी करणाऱ्या पोराकडे यातलं काय असतं? रात्रपाळीवरून आला की झोप, उठला की मोबाइल, मोबाइल ठेवला की पुन्हा पाळी.

मग त्याने निसर्गाचा नाद सोडायचा का? इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान १२० मिनिटं बाग, शेतशिवार, नदीकाठ अशा ठिकाणी काढणारे लोक आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हे दोन तास सलग असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नव्हता. अर्थात, तब्येत बरी असते म्हणूनच माणूस बाहेर पडतो, असंही असू शकतं. पण रोज वीस मिनिटं बाहेर काढून कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही.

आता ही वीस मिनिटं चितेगावात कुठे काढायची? आपला मराठवाडा काही हिरवागार नाही. काटेरी आहे, बाभूळ-बोरींचा आहे. पण पावसाळ्यात विहिरीवर झुकलेली एखादी बाभूळ गाठा आणि सुगरणीची घरटी बघा. नावाने सुगरण, पण विणकर मात्र नर. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं. तो गवताच्या नाहीतर उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने चीर पाडतो, उडता उडता लांब धागा ओढून काढतो आणि फांदीला गाठी मारत विणायला बसतो. घरटं अर्धं झालं की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, तपासते. पसंत पडलं तर नर खालची नळी पुरी करतो आणि दुसऱ्या घरट्याला हात घालतो. नाही पडलं तर ते अर्धवटच लटकत राहतं. अशी सोडून दिलेली घरटी बहुतेक झाडांवर दिसतील. आतल्या बाजूला त्याने चिखलाचे गोळेही लिंपलेले असतात. कशासाठी, यावर पक्षीअभ्यासकांचं अजून एकमत नाही. वीस मिनिटं कशी गेली ते कळत नाही. फक्त झाडाखाली रील काढत बसू नका आणि घरट्याला हात लावू नका.

चितेगावातून त्याच रस्त्याने पुढे पैठणला गेलं की धरणाचा जलाशय, नाथसागर. धरण माणसाने बांधलं, पण पाणथळ जागा तयार झाली आणि पाखरं आपणहून आली. १९८६ मध्ये ते पक्षी अभयारण्य जाहीर झालं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस इथे उतरतात. ती मात्र सुट्टीच्या दिवसाची गोष्ट.

एक स्पष्ट सांगतो. चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉनसारखी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली या गावाने पाहिली आहे. नोकरीची धास्ती, घरचं कर्ज यांवर पाखरं बघणं हा उपाय नाही, आणि तसं सांगणारा माणूस थापा मारतो. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोन फुकट आहे.

पुढच्या भागात झाडं ओळखण्याबद्दल. तोवर एक करा : येत्या आठवड्यात खोलीपासून चालत जाता येईल असं एक झाड निवडा आणि त्यावर कोण येतं-जातं ते वहीत तारीख-वेळ घालून लिहा. पक्षीअभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमुळे ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. तोपर्यंत वही निम्मी तरी भरू द्या.