कागदावरचे पडीक रान

जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडे उभी राहतात. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट चरतात ते मात्र गवताळ माळावर. अकोला-वाशीमच्या अशाच माळांवर पावसाळ्यात दुर्मीळ तणमोर येतो. गवतातून उंच उड्या मारत नर मादीला साद घालतो.

या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेला समाज म्हणजे फासेपारधी. फासे लावून तितर-लाव्हे धरणे हा त्यांचा व्यवसाय. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली कायदा गेला, शिक्का राहिला. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बेकायदा ठरली. मग हाती उरली गुरे-शेळ्यांची चराई आणि मजुरी.

पाऊस लहरी झाला, याची झळ सर्वांनाच लागते. पण सारखी लागत नाही. सोयाबीन पेरल्यावर पावसाने मोठा खंड दिला, तर दुबार पेरणीची वेळ येते. माळावरच्या बहुवर्षायू गवताची मुळे मात्र जमिनीत तग धरून असतात. उशिरा का होईना, पाऊस झाला की ती फुटतात. एकदम कोसळला, तर माती धरून ठेवतात. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला पीक विम्याचा काय उपयोग? त्याचा विमा म्हणजे हा माळ.

हा विमा मोडतो आहे तो पावसाइतकाच कागदामुळे. दप्तरात माळ ‘पडीक’ लिहिला जातो आणि पडीक जमीन कशासाठीही मोकळी वाटते. कोणी ती नांगरतो, कोणी वृक्षारोपणासाठी खड्डे खणतो. समृद्धी महामार्ग तर अभयारण्यातूनच गेला.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाची राखण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला आहे. पण तो वनजमिनीपुरता. महसूल खात्याच्या ई-क्लास माळाला तो लागू होत नाही.

या भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर आणि माळरान राखण्याचे काम करते. त्यामागचा विचार साधा आहे: पाखरू कोणत्या गवतात बसते, हे फासा लावणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? ते ज्ञान राखणीला लावता येते. त्यासाठी माळ मात्र शिल्लक हवा, आणि दप्तरातला ‘पडीक’ हा शब्द आधी पुसला जायला हवा.